चाकाचा तोल

नांदेडच्या एके काळच्या उस्मानशाही गिरणीतील चात्या असोत, की लातूरच्या डाळ-गिरण्यांतील चाके; यंत्र वेगाने फिरू लागले की त्याचा शत्रू त्याच्या पोटातच जागा होतो. घरचे जाते सावकाश फिरते. दगड एकीकडे किंचित जड असला, तरी दळणारीला त्याची जाणीव होत नाही. परंतु वेग दुप्पट झाला की हा दोष चौपट होतो. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या चाकात मध्यापासून १० सेंटिमीटरांवर १० ग्रॅम वजन अधिक असेल, तर आसाला सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतका ओढा बसतो, आणि त्याची दिशा क्षणोक्षणी पालटते. मग बेअरिंग झिजते, पाया हादरतो.

यावर कारागिरांचा जुना उपाय असा : चाक आसासह दोन समतल धारांवर ठेवावे; जड बाजू आपोआप खाली येते; तेथले लोखंड कोरून काढावे.

तरीही अल्पसा दोष उरतोच. १८६९ साली रँकिन या विद्वानाने सांगितले, की ठरावीक वेगापलीकडे आस टिकणारच नाही. स्वीडनच्या द लाव्हालने मात्र १८८९ च्या सुमारास मुद्दाम बारीक, लवचीक आस घेतला व मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत मजल मारली. त्या वेगापलीकडे चाक स्वतःच आपल्या भारमध्याभोवती फिरू लागते. सूतगिरणीतील चातीला तिच्या बैठकीत किंचित मोकळीक देतात, ती याच कारणाने. याचे गणित फॉपलने मांडले, ते मागाहून, १८९५ साली.