न्हाणीघराचे नूतनीकरण : शॉवर, टब आणि भिंतीआडची नळजोडणी

न्हाणीघर नव्याने करायचे ठरले की घरातील चर्चा टाइल्सच्या रंगापासून सुरू होते. प्रत्यक्षात या कामाचे यश अवलंबून असते ते टाइल्सच्या मागे दडलेल्या नळांवर. तेथे राहिलेली चूक पुढे ओलीच्या रूपाने भिंतीवर उमटते आणि ती दुरुस्त करायची तर नवी लादी फोडावी लागते. म्हणून जळगाव-धुळे भागातील पाणी, ऊन आणि बांधकाम लक्षात घेऊन हे काम आखले पाहिजे.

पाण्याचा दाब
खानदेशातील बहुतेक घरांत नळाचे पाणी आधी साठवले जाते आणि मग गच्चीवरील टाकीतून खाली येते. म्हणजे शॉवरला मिळणारा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो. पाण्याची उंची १० मीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. टाकी थेट स्लॅबवर आणि शॉवर त्याच स्लॅबखाली ७ फुटांवर असेल, तर दोहोंत जेमतेम एक मीटर अंतर उरते. दाब साधारण ०.१ किलो. अशा ठिकाणी मोठ्या तबकडीचा महागडा शॉवर नुसता ठिबकत राहतो. त्यासाठी टाकी चौथऱ्यावर उंच घ्यावी, टाकीतून उतरणारा नळ सव्वा इंची ठेवावा, कोपर कमी वापरावेत किंवा दाबाचा पंप बसवावा. वीज गेली की पंप थांबतो, हेही ध्यानात ठेवावे.

नळ कोणता?
जुन्या घरांतील जस्ताच्या लोखंडी नळांत गंज व क्षार साचून आतील वाट अरुंद होते. नूतनीकरणात ते पूर्ण बदलणेच श्रेयस्कर. प्लास्टिकच्या नळांची या भागाला नवलाई नाही. भवरलाल जैन यांच्या उद्योगाने १९८० मध्ये जळगावातच पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू केले. मात्र साधा पीव्हीसी नळ उष्णतेने मऊ पडतो. गीझर किंवा सौरबंबाच्या गरम पाण्यासाठी आयएस १५७७८ या मानकाचा सीपीव्हीसी नळच घ्यावा. शॉवर किंवा तोटी जेथे बसते, तेथे पितळी आट्याचा जोड वापरावा. प्लास्टिकचे आटे आवळताना तडकतात.

खानदेशात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. तेव्हा गच्चीवरील उघड्या नळातून ‘थंड’ पाणीही चटका देते. टाकीवर सावली करावी आणि उघड्या नळांना उष्णतारोधक वेष्टन घालावे.

मिक्सरची जोडणी
मिक्सरमध्ये गरम पाणी डावीकडे आणि थंड उजवीकडे ही सर्वमान्य पद्धत आहे. भिंतीवरच्या मिक्सरच्या दोन तोंडांत मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलिमीटर अंतर असते. गरम व थंड पाणी शक्यतो एकाच टाकीतून घ्यावे. दाब असमान असेल, तर जास्त दाबाचे पाणी दुसऱ्या नळात शिरते. ते रोखण्यासाठी एकमार्गी झडप बसवावी. टबची तोटी टबच्या काठाच्या वर राहील अशी लावावी, म्हणजे वापरलेले पाणी नळात ओढले जात नाही.

टब घ्यावा का?
पाच फुटी टबात साधारण १५० ते २०० लिटर पाणी मावते. मिनिटाला ८ लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली पाच मिनिटांत ४० लिटर पाणी लागते, तर बादलीच्या स्नानाला १५ ते २० लिटर पुरतात. जळगाव वाघूर धरणावर, तर धुळे तापी योजना आणि नकाणे तलाव यांसारख्या स्रोतांवर विसंबून आहे. नळाला रोज पाणी येईलच याची खात्री नसताना हा हिशेब आधी करावा. शिवाय टब, पाणी आणि माणूस मिळून वजन ३०० किलोंच्या घरात जाते. घरगुती न्हाणीघराचा स्लॅब एरवी चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. त्यामुळे वरच्या मजल्यासाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. लाकूड-मातीच्या धाब्याच्या घरात माडीवर टब नकोच.

टबला वरच्या बाजूस जादा पाण्याची वाट आणि खाली पाण्याचा ट्रॅप हवा. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी साठलेले असले, तरच गटाराचा वास अडतो. टब बरेच दिवस वापरला नाही तर उन्हाळ्यात हे पाणी सुकते; मधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे. टबच्या बाजूला उघडता येणारी छोटी झडप ठेवल्यास पुढची दुरुस्ती तोडफोडीविना होते.

टाइल्सपूर्वीची परीक्षा
सांधे जोडल्यावर २४ तास थांबावे. मग तोंडे बंद करून कामाच्या दाबाच्या दीडपट दाब भरावा आणि काटा उतरत नाही ना, हे पाहावे. फरशीच्या जलरोधक थरावर दोन-तीन दिवस पाणी तुंबवून खालच्या छताची पाहणी करावी. ढाळ जाळीकडेच असावा. कूपनलिकेच्या जड पाण्याने शॉवरची छिद्रे बुजतात. तबकडी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवली की क्षार सुटतो.

शेवटी, टाइल्स लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी धरून छायाचित्र काढून ठेवावे आणि न्हाणीघराला स्वतंत्र बंद-चावी द्यावी. पुढे खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना हे छायाचित्र घरमालकाच्या उपयोगी पडते.