औंढ्याच्या आरशावरचा लेप

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटरची. बातम्यांत चर्चा होते ती या लांबीची, आणि एप्रिल 2023मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या 2,600 कोटींची. मला मात्र या जातीच्या यंत्रातल्या आरशांवरच्या लेपाचं कूळ जास्त मोलाचं वाटतं. गुरुत्वीय लहर ऐकण्याची यंत्राची ताकद तिथेच अडते.

आरसा म्हणजे 40 किलोची सिलिकाची काच, व्यास 34 सेंटिमीटर. तिच्यावर सिलिका आणि टँटलम ऑक्साइड यांचे पातळ थर आलटून-पालटून चढवतात. सगळे मिळून काही मायक्रॉन. बरीच वर्षं काळजी वाटत होती ती काचेची. 1998मध्ये युरी लेव्हिन यांनी गणिताने दाखवलं, की लेसर जिथे पडतो तिथल्या पृष्ठभागात ऊर्जा जिरत असेल, तर उष्णतेची थरथर तिथेच सर्वाधिक नडते. म्हणजे संशय लेपावर आला.

मग लेप दिलेल्या चकत्या कंप पावत्या करून त्यांचा नाद किती वेळ टिकतो ते मोजलं गेलं. निव्वळ तांब्याची घंटा बद्द वाजते. कथील मिसळून कासं केलं की ती घुमत राहते. इथे बद्द निघाले ते टँटलमचे थर. काचेसारख्या विस्कळीत रचनेत काही अणू दोन जागांमध्ये हेलकावत राहतात आणि कंपनाची ऊर्जा खातात.

उतारा निघाला तो भेसळीचाच. फ्रान्समधल्या लियाँच्या प्रयोगशाळेने टँटलम ऑक्साइडमध्ये थोडं टिटॅनियम डायऑक्साइड मिसळलं आणि ऊर्जेची गळती बरीच घटली. सप्टेंबर 2015मध्ये पहिली गुरुत्वीय लहर टिपली, ती याच लेपाच्या आरशांनी.

ही गळती टांगणीतही टाळावी लागते. आरसा टांगलेला असतो सिलिकाच्याच चार तंतूंवर. जाडी जेमतेम 0.4 मिलिमीटर. पूर्वीच्या यंत्रांत पोलादी तार होती. या तंतूचं बळ सगळं त्याच्या निर्मळ पृष्ठभागात. नुसतं बोट लागलं तरी ओरखडा पडून ते ओसरतं. म्हणून ओढून झाल्यावर त्याला कोणी हात लावत नाही. आरशाच्या बाजूंना काचेचे ‘कान’ जोडायलाही गोंद चालत नाही. सोडियम सिलिकेटचं द्रावण दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करतं, आणि मग लेसरने तंतू त्या कानांना सांधतात.

लेपाचं कूळ अजून वाढतं आहे. 2021मध्ये टँटलमच्या जागी जर्मेनियमचं ऑक्साइड घेऊन त्यात टिटॅनियम मिसळलेला लेप पुढे आला. 600 अंशांवर दीर्घकाळ भाजल्यावर त्यातली गळती आणखी कमी होते. मोठ्या आरशावर फोड न येता तो बसवायचं काम चालू आहे.