वूस्टर स्ट्रीटचा पिझ्झा

पिझ्झा म्हटलं की आपल्याला आधी इटली आठवते, मग न्यूयॉर्क. पण कनेक्टिकटमध्ये न्यू हेवन नावाचं एक शहर आहे. येल विद्यापीठामुळे नाव ऐकलं असेल. तिथल्या वूस्टर स्ट्रीटवर शनिवारी संध्याकाळी गेलात, तर 'फ्रँक पेपे' आणि 'सॅलीज' या दोन दुकानांपुढे रांगा दिसतील. मीही त्या रांगेत ताटकळलोय. पण मंडळी, मला पिझ्झ्यापेक्षाही इंटरेस्टिंग वाटला तो या गल्लीचा इतिहास.

ही वस्ती मुळात कामगारांची. १८६०च्या दशकात सार्जंट कंपनीने जवळच कुलुपं आणि इतर लोखंडी सामानाचा कारखाना काढला. पुढे तिथे कामाला दक्षिण इटलीतून माणसं येत गेली, त्यात अमाल्फी किनाऱ्यावरची पुष्कळ. फ्रँक पेपे त्याच किनाऱ्यावरच्या मायोरी गावचा. १९०९ साली पोरवयात इकडे आला, पहिल्या महायुद्धात लढायला परत इटलीला गेला, आणि युद्धानंतर बायकोला घेऊन पुन्हा न्यू हेवनला आला. १९२५ मध्ये त्याने स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हाचा पिझ्झा अगदी साधा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि वरून किसलेलं चीज. पोटभरीचं, स्वस्त खाणं. १९३८ मध्ये त्याच्या भाच्याने याच गल्लीत 'सॅलीज' सुरू केलं. मामा-भाचे एकाच रस्त्यावर प्रतिस्पर्धी!

गंमत म्हणजे इथे याला 'अपिझ्झा' म्हणतात, उच्चार साधारण 'अबीट्स'. नेपल्सकडच्या बोलीचा हा अवशेष. कोळशाच्या भट्टीत भाजल्यामुळे कडा काळ्या होतात, आणि नवखा माणूस 'करपलाय हो' म्हणून तक्रार करतो. साध्या पिझ्झ्यावर मोझरेला नसतं बरं का, ते वेगळं मागावं लागतं. पेपेकडचा प्रसिद्ध पिझ्झा म्हणजे तिसऱ्या घातलेला. आपल्या कोकणी माणसाला तो नक्की आवडेल.

आता खरा मुद्दा. १९५०च्या दशकात महापौर रिचर्ड ली यांनी शहराच्या 'नूतनीकरणा'चा धडाका लावला. त्यातच हायवे आला. पहिल्या आराखड्यात तो थेट वूस्टर स्क्वेअरवरून जात होता. रहिवासी भांडले, म्हणून तो पूर्वेला सरकला. चौक वाचला, पण हायवेच्या वाटेतली घरं गेलीच. १९६०च्या दशकात सार्जंटचा कारखानाही तिथून हलला. अनेक इटालियन कुटुंबं आसपासच्या उपनगरांत पांगली.

म्हणजे ज्यांच्यासाठी हा पिझ्झा भाजला जायचा, ती माणसं गेली आणि भट्ट्या उरल्या. मला वाटतं, गल्ली टिकण्याचं एक कारण हेच. लांब राहायला गेलेल्यांना परत यायला एक ठिकाण उरलं. आज तिथे बहुतेक गर्दी बाहेरच्यांची असते, माझ्यासारख्यांची. आपण वीसेक डॉलर देऊन 'ऑथेंटिक' चव घेतो, फोटो काढतो, घरी जातो. त्यात वाईट काहीच नाही. पण एखाद्या वस्तीचा पदार्थ वाचला म्हणजे वस्ती वाचली, असं मात्र नाही. पदार्थाला रांगा पुरतात हो, वस्तीला शेजारी लागतात.

असो. गेलात तर तिसऱ्यांचा पिझ्झा नक्की खा, आणि नंतर हायवेपर्यंत एक चक्कर मारा. दोन्ही मिळून गोष्ट पुरी होते.