कुसळ आणि मुसळ

शहरांतील एखाद्या सुशिक्षित घरांत ‘कुसळ म्हणजे काय?’ असें विचारलें, तर उत्तरादाखल बहुधा म्हणच ऐकावयास मिळते. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ सर्वांना दिसतें. तळहातावर घेऊन तें पाहिलेला मनुष्य मात्र विरळा.

धान्याच्या टरफलाच्या टोकास जो राठ, ताठ केंस असतो, तें कुसळ. संस्कृतांत त्यास शूक म्हणतात. चरकसंहितेंत आहारद्रव्यांचे जे वर्ग पाडले आहेत, त्यांतील पहिलाच शूकधान्यांचा. तांदूळ, गहूं, जव हीं सारीं त्यांत येतात. शेंगांतील तीं शमीधान्यें. अन्नाची वर्गवारी एका केंसावरून करावी, ही दृष्टि मोठी मार्मिक खरी! रानभाताच्या एका जातीचें शास्त्रीय नांव ओरायझा रूफिपोगॉन असें आहे, आणि त्याचा अर्थ ‘तांबड्या दाढीचें’ असा होतो. ही दाढी मळणीस अडचणीची. म्हणून शेतकरी हजारों वर्षें आखूड कुसळाचें किंवा बिनकुसळी बीं निवडीत आला.

गवताचें कुसळ याहून तिखट. पावसाळा सरल्यावर मावळांतील लोहगड-विसापूरच्या उतारांवरून खालीं येणाऱ्याच्या धोतराला वा पायमोज्याला तें हटकून चिकटतें. कुसळी गवताच्या बीजाचें टोंक अणकुचीदार असून त्यावर मागें वळलेले राठ केंस असतात, त्यामुळें शिरलेलें कुसळ सहसा मागें सरत नाहीं. त्याची शेपटी कोरड्या हवेंत पिळवटते, ओलाव्यानें उलगडते, आणि त्या फिरण्यानें बीज स्क्रूप्रमाणें मातींत रुततें. तेंच मेंढरांच्या कातडींतही रुततें. म्हणूनच गवत कुसळांवर येण्यापूर्वीं कापणें शहाणपणाचें.

म्हणींतील जोडी केवळ यमकासाठीं जमलेली नव्हे. भात सडावयाचें तें मुसळानें, आणि कुसळ त्याच भाताच्या अंगचें. दोन्हीं एकाच पडवींतलीं. पुढें कामशेत-वडगांवकडे गिरण्या आल्या व मुसळ कोपऱ्यांत गेलें. बायबलांत हाच विचार आहे, परंतु तेथें डोळ्यांत असतें तें बारीक काडीकचरा, आणि त्यासमोर घराची तुळई. मराठी बायबलांत मात्र कुसळ आणि मुसळच आलें. शब्दशः पाहतां हें भाषांतर चुकीचें ठरेल. पण भात सडणाऱ्या बाईला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसता.