पशूंची वेदना, पालि ग्रंथ आणि खानदेशातील डाग

खानदेशात लंगडणाऱ्या बैलाला डाग देण्याची रीत जुनी आहे. विळा किंवा लोखंडाची सळई विस्तवात लाल करावयाची, बैलाला दोराने पाडून चौघांनी दाबून धरावयाचे आणि दुखऱ्या खांद्यावर किंवा सांध्यावर रेघा ओढावयाच्या. अमळनेर तालुक्यातील माझ्या आजोळी एका बैलाच्या खांद्यावर अशा पाच रेघा होत्या. त्यांवर पुन्हा केस उगवले नाहीत आणि बैलाचे लंगडणेही थांबले नाही. डाग दिला की आतील दुखणे बाहेर पडते, असे वडीलधारी मंडळी सांगत. कोठे डागाऐवजी बिब्बा घालीत. त्यानेही कातडी भाजून निघते. भाजलेल्या बैलाला काही दिवस जुंपता येत नाही, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीने जो थोडा उतार पडतो त्याचे श्रेय लोखंडाला मिळते, असे माझे मत आहे.

हा विषय येथे मांडण्याचे कारण असे की, अलीकडे धम्मशिबिरांतून आणि उपासकांच्या बैठकींतून दोन विधाने वारंवार ऐकू येतात. पहिले असे की, जनावरांच्या जुनाट वेदनेवर सुया टोचून करावयाचा उपचार, ज्याला आज अॅक्युपंक्चर म्हणतात, तो मूळचा बौद्धांचा असून लंकेत त्यावरील तीन हजार वर्षांपूर्वीचा हत्तींचा ग्रंथ सापडला आहे. दुसरे असे की, सम्राट अशोकाने जगातील पहिली पशुरुग्णालये बांधली. दोन्ही विधाने अभिमानाने केली जातात. ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास शतकानुशतके नाकारला गेला, त्यांना असा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहास नाकारला गेला म्हणून तो आपण रचून घ्यावा, असे होत नाही. उद्या कोणी पुरावा मागितला तर आपली मान खाली जाईल, आणि जे खरोखर आपल्या ग्रंथांत आहे त्याकडेही मग कोणी पाहणार नाही.

प्रथम लंकेतील ग्रंथ. तीन हजार वर्षे म्हणजे इ. स. पू. १०००. तेव्हा भगवान बुद्धांचा जन्मही झालेला नव्हता. महिंद थेर लंकेत गेले ते इ. स. पू. तिसऱ्या शतकात, आणि त्या बेटावरील लेखनाचा पुरावा त्यापूर्वी फार तर शतक-दोन शतके मागे जातो. तेव्हा इ. स. पू. १००० मधील लिखित ग्रंथ तेथे संभवत नाही. ही कथा पाश्चात्त्य पशुवैद्यांच्या पुस्तकांतून एकमेकांच्या आधाराने फिरत आली आणि तेथूनच ती आपल्याकडे आली. तिच्या मुळाशी काही सत्य आहे. सिंहली माहुतांच्या परंपरेत हत्तीच्या शरीरावरील ठराविक स्थानांना ‘निल’ म्हणतात. पण त्या स्थानी अंकुश टोचला की हत्ती बसतो, थांबतो किंवा वळतो. म्हणजे ही स्थाने मुख्यतः हत्तीला ताब्यात ठेवण्याची आहेत. वेदना देऊन काम करवून घेण्याचे शास्त्र आणि वेदना शमविण्याचे शास्त्र यांची येथे गल्लत झाली आहे. अंगुत्तरनिकायात चार प्रकारच्या घोड्यांचा दृष्टांत येतो: एक पतोदाची, म्हणजे पराणीची, सावली पाहूनच सावध होतो, दुसरा ती केसांना लागल्यावर, तिसरा कातडीला आणि चौथा हाडापर्यंत पोचल्यावर. पालि ग्रंथकारांना टोचणी ठाऊक होती ती या रूपात.

सुईच्या उपचाराची खरी परंपरा चीनमधील आहे. घोड्यांच्या रोगांवरील तेथील एक प्रसिद्ध ग्रंथ इ. स. १६०८ मधील असून त्यात सुईचे उपचार येतात. आधुनिक भारतात ही विद्या आली तिच्याशी मात्र एका मराठी माणसाच्या नावाचा दूरचा संबंध आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि १९५९ च्या सुमारास कलकत्त्यात तिचा वापर सुरू केला, तोही माणसांवर. पशुवैद्यांची आंतरराष्ट्रीय अॅक्युपंक्चर संस्था अमेरिकेत १९७४ मध्ये स्थापन झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात, पाळीव जनावरांच्या कोणत्याही विकारासाठी या उपचाराची शिफारस करावी किंवा तो त्याज्य मानावा, इतका सबळ पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा ज्या गोष्टीचे मोल अजून ठरलेले नाही तिच्या पितृत्वासाठी आपण भांडण्याचे कारण नाही.

आता पालि ग्रंथ वेदनेविषयी काय सांगतात ते पाहू. विनयपिटकातील महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात पिलिन्दवच्छ थेरांच्या वाताच्या दुखण्यासाठी उपचारांची एक मालिकाच येते. अंगवातासाठी घाम काढणे, म्हणजे सेदकम्म. मग औषधी वनस्पतींचा शेक. मग महासेद, ज्यात अट्ठकथेनुसार खड्ड्यात निखारे भरून त्यांवर माती व वातहर पाने पसरून रोग्याला त्यावर निजवीत. मग पाल्याच्या काढ्याचे पाणी आणि गरम पाण्याची टाकी. सांधे धरले असता, म्हणजे पब्बवातात, रक्त काढणे आणि शिंगाने ते ओढून घेणे यांना अनुमती दिलेली आहे. शिंगाचा हा उपचार म्हणजे आपल्याकडील तुंबडी. या साऱ्या यादीत सुई नाही. पालि विनयातील ‘सूचि’ चीवर शिवण्याची आहे.

हे उपचार भिक्खूंसाठी होते. जनावरांवर उपचार करून उपजीविका करणे तर दूरच, वैद्यकीवर जगणेच भिक्खूला निषिद्ध होते. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात हत्ती, घोडे, म्हशी, बैल यांची लक्षणे पाहणे, वमन-विरेचन देणे, शल्यकर्म करणे यांची गणना ‘तिरच्छानविज्जा’ या हीन विद्यांत केली आहे. (‘तिरच्छान’ या शब्दाचा मूळ अर्थ पशू असा आहे, हा योगायोग गमतीचा.) यास्तव संघाने पशुवैद्यांचे दवाखाने चालविले, असे म्हणणे विनयाच्या विरोधात जाते. मात्र जनावराला त्रास देणाऱ्या भिक्खूंना तथागतांनी क्षमा केलेली नाही. अचिरवती नदी पार करणाऱ्या गाईंची शिंगे, कान व शेपट्या धरणाऱ्या, त्यांच्या पाठीवर बसणाऱ्या छब्बग्गिय भिक्खूंची हकिकत महावग्गातच आहे, आणि त्यावरून नियमही घातले गेले.

जनावरांची काळजी कोण घेत असे, याचे उत्तर मज्झिमनिकायातील महागोपालक सुत्तात मिळते. चांगल्या गुराख्याची अकरा अंगे तेथे सांगितली आहेत. तो गुरांचे रूप ओळखतो, आसाटिका म्हणजे माश्यांची अंडी काढून टाकतो, जखम झाकतो, धूर करतो. त्याला उतार, पाणी, वाट व कुरण ठाऊक असते. तो गाईला पूर्ण पिळून काढीत नाही. आणि कळपातील वृद्ध बैलांना विशेष मान देतो. हा दृष्टांत भिक्खूच्या गुणांसाठी योजलेला आहे हे खरे, परंतु दृष्टांत ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा असल्याखेरीज उपयोगाचा नसतो. जखमेत पडणाऱ्या किड्यांची अंडी वेचणारा माणूस हा आपल्या वाङ्मयातील खरा पशुवैद्य होय. खानदेशात आजही सांजवेळी गोठ्यात लिंबाच्या पाल्याचा धूर करणाऱ्याला हे सुत्त समजावून सांगावे लागत नाही.

अलीनचित्त जातकात (क्रमांक १५६) आणखी एक प्रसंग येतो. खैराची फांस पायात रुतून पाय सुजलेला, पू झालेला हत्ती सुतारांकडे येतो. ते फांसेभोवती धारदार हत्याराने चीर देतात, दोरीने फांस ओढून काढतात, पू दाबून काढतात, जखम गरम पाण्याने धुतात आणि औषध लावतात. वेदनेचे कारण शोधून ते काढून टाकण्याचा हा उपचार सुतारांनी केलेला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अशोकाविषयीचे विधान अधिक काळजीने तपासले पाहिजे. दुसऱ्या शिलालेखात गिरनार येथे ‘पसुचिकीछा’ हा शब्द स्पष्ट कोरलेला आहे. माणसांची आणि पशूंची अशी दोन प्रकारची चिकित्सा आपण प्रस्थापित केली, औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणून लावल्या, वाटांवर विहिरी खणल्या आणि झाडे लावली, असे सम्राट सांगतात. चिकित्सा म्हणजे इमारत नव्हे. रुग्णालय हा अर्थ नंतरच्या भाषांतरांनी भरला. सोपाऱ्यास आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आणि नवव्याचा १९५६ मध्ये सापडला. चौदाही लेखांचा संच तेथे असावा असे अभ्यासक मानतात. तसे असेल, तर हा शब्द महाराष्ट्राच्या भूमीवरही एकेकाळी वाचला जात होता.

पण आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे तो पाचवा स्तंभलेख. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेल्या या लेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे, ती सर्वांना ठाऊक असते. त्याच्या शेवटच्या भागाकडे सहसा कोणी पाहत नाही. ठराविक तिथींना बैल, बोकड, मेंढे व डुकरे यांचे खच्चीकरण करू नये, आणि तिष्य व पुनर्वसू या दिवशी तसेच चातुर्मासीच्या पौर्णिमांना व त्यांच्या पक्षांत घोड्यांना व बैलांना ‘लखने’ करू नये, असे तेथे म्हटले आहे. ‘लखने’ म्हणजे खूण, डाग. हा डाग मालकीच्या खुणेचा असावा, उपचाराचा नव्हे, हे मान्य केले पाहिजे. ही सरसकट बंदीही नाही. तरी तापलेले लोखंड आणि बैलाची कातडी यांच्यामध्ये राज्यसत्तेने काही दिवसांपुरता का होईना हात घातला, याचा हा लेखी पुरावा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही विहित रीतीने दिलेल्या डागाला क्रूरतेच्या व्याख्येतून सूट दिली, हे पाहता सम्राटाला फार दोष देता येणार नाही.

लंकेत या चिकित्सेची परंपरा पुढे दिसते. महावंसाच्या उत्तरभागात, ज्याला चूळवंस म्हणतात, चौथ्या शतकातील राजा बुद्धदास याने पोटात गाठ असलेल्या सापावर उपचार केल्याची कथा आहे, आणि त्याने हत्तीघोड्यांसाठी वैद्य नेमल्याचेही म्हटले आहे. आपल्याकडे, चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील लेखांत ‘राजवेज मगिल’ या राजवैद्याचे आणि त्याच्या मुलामुलींचे दान नोंदलेले आहे. तेथीलच विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. वैद्याचे नाव आणि हत्ती एकाच ठिकाणी आढळल्याने त्याला पशुवैद्य ठरविण्याचा मोह होतो. पण लेखात तसा एकही शब्द नाही, आणि तो मोह आवरला पाहिजे.

डागाऐवजी सुई हवी की गोळी, हा प्रश्न पशुवैद्यांचा आहे. गोळीही निरपवाद नाही. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जनावरांना दिले जाऊ लागले आणि मेलेल्या जनावरांचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली, आणि केटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक यांच्यावर २०२३ मध्ये. एका जीवाची वेदना शमविताना दुसऱ्याच्या नाशाचे कारण घडते, हे प्रतीत्यसमुत्पाद शिकविणाऱ्याने वर्गात सांगावे असे उदाहरण आहे.

सेदकम्म मात्र आपल्या घरांत अजून टिकून आहे. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाच्या खांद्याला गरम पाण्याने शेक देऊन हळद व तेल-तूप चोळतात. याला खांदेमळणी म्हणतात. वर्षभर जू वाहून सुजलेल्या खांद्यावर त्या एका सायंकाळी ऊब येते. आजोळच्या त्या बैलाची खांदेमळणी मामा स्वतः करीत. पाच रेघांपाशी आले की ते हात हलका ठेवीत, कारण तेथे बोट लागले तरी बैलाचे अंग थरथरत असे.