राजदूतचा चिमटा : एक पाठचिकित्सा

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर शिलालेख, ताम्रपट, पोथ्या आणि दफ्तरे येतात. लोखंडाची वस्तू आलीच तर ती तलवार किंवा तोफ असते. मोटारसायकलचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरून ठेवणारा फोर्क, कधीच नसतो. तथापि बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशाचा अलीकडचा इतिहास समजून घ्यायचा तर या उपेक्षित साधनाकडे वळावेच लागेल. परळीचा लोहमार्ग जुना, पण खुद्द बीड शहरातून प्रवासी रेल्वेगाडी सुटू लागली ती २०२५ साली. मधल्या दशकांत गाव आणि बाजारपेठ जोडली ती एस.टी.ने, आणि एस.टी. जिथे पोचत नव्हती तिथे दुचाकीने. दुधाच्या कॅना, खताची पोती, कडब्याच्या पेंढ्या आणि अवघे कुटुंब वाहणाऱ्या त्या दुचाक्यांत राजदूतचा मान मोठा होता.

राजदूतची वंशावळ मोठी रंजक आहे. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी ही गाडी बनवायला घेतली ती पोलंडमधील एसएचएल एम-११ या गाडीच्या आधाराने. तिचा चिमटा अर्ल्स पद्धतीचा होता. अर्नेस्ट अर्ल्स या ब्रिटिश अभियंत्याने १९५०च्या दशकाच्या आरंभी ही रचना पुढे आणली. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९५५ ते १९६९ या काळात ती आपल्या गाड्यांना वापरली. या रचनेत चिमट्याचे पाय चाकाच्या मागे खाली उतरतात. तेथे खिळलेली आडवी भुजा पुढे येऊन चाकाचा आस धरते आणि दोन बाजूंचे दोन शॉकअप तिचे धक्के पेलतात. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा टेलिस्कोपिक चिमटा ब्रेक लावताच खाली बसतो. अर्ल्सचा चिमटा बसत नाही, उलट किंचित वर उचलला जातो. मात्र तो वजनाला भारी. पुढे जगभर टेलिस्कोपिक चिमट्याचीच सरशी झाली. एसएचएलच्या मोटारसायकली १९७०च्या सुमारास थांबल्या. एस्कॉर्ट्सनेही २००१ साली दुचाकी व्यवसायातला उरलेला हिस्सा यामाहाच्या स्वाधीन केला. इंग्लंडमध्ये जन्मलेली आणि पोलंडमार्गे आलेली कल्पना अशा रीतीने मराठवाड्याच्या धुळीत पोरकी झाली.

या पोरकेपणानंतरचा इतिहास कंपनीच्या कागदपत्रांत नाही. तो लेथवर आहे. चिमट्याचे पहिले दुखणे भुजेच्या पिनेपाशी सुरू होते. ग्रीस वाळते, धूळ शिरते, बुश झिजतात आणि चाक डुलू लागते. नवा बुश मिळत नाही म्हणून मिस्त्री गनमेटलचा तुकडा लेथवर चढवतो, बुश दाबून बसवतो आणि दोन्ही बाजूंची भोके एका रेषेत यावीत म्हणून लांब रीमर आरपार फिरवतो. ही रेषा चुकली तर चाक तिरके बसते. दोन स्प्रिंगांच्या उंचीत फरक राहिला तर भुजेला पीळ पडतो. जुने माप देणारे पुस्तक हाताशी नसते. न झिजलेल्या कडेवरून मूळ मापाचा अंदाज बांधावा लागतो. भ्रष्ट प्रतीवरून मूळ पाठ शोधणाऱ्या संपादकाची रीत याहून फार निराळी नाही.

खरी अडचण मात्र पुढे आहे. एखाद्या जुन्या चिमट्याच्या भुजेवर लोखंडी पट्टी वेल्ड केलेली आढळते. कुठे मूळ स्प्रिंगच्या जागी जाड तारेची स्प्रिंग असते. हे कंपनीचे काम नव्हे. गाडीने कॅनांचे ओझे वाहावे म्हणून कुणा अनाम कारागिराने घातलेली ही भर आहे. आज गाडी मूळ रूपात आणू पाहणारा हौशी मालक ती निर्दयपणे कापून टाकतो. त्याचे सर्वस्वी चूक आहे असे म्हणता येत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने लगतचे पोलाद कमकुवत होते, पट्टीच्या टोकाशी तडा जाऊ शकतो आणि धावत्या गाडीची भुजा तुटली तर प्राणावरच बेतते. क्षेपक काढावा लागतो. प्रश्न आहे तो काढलेल्या क्षेपकाचे काय करायचे, हा.

इथे आपल्या वाङ्मयेतिहासाचा एक अनुभव आठवावा. गोदावरीच्या पलीकडे पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते ऋण अपार आहे; परंतु त्यांनी कोणते पाठ टाकले आणि का टाकले याची नोंद आपल्यापुढे नाही. पुढे वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून १९०९ साली आपली आवृत्ती छापली, आणि ती मूळ पोथीही अभ्यासकांना पडताळणीसाठी उरली नाही. शुद्धीकरण झाले, पण वादाचा निवाडा करणारा पुरावा हरवला.

चिमट्याच्या बाबतीत तरी हे टाळणे आपल्या हाती आहे. भुजा सुरक्षित करावी, नवा बुश बसवावा. पण काढलेली पट्टी, झिजलेली पिन आणि त्यांची मापे भंगारात न घालता नोंदीसह जपावीत. कंपनीचा मूळ पाठ पोलंडच्या नकाशांत कदाचित सापडेलही. बीडच्या मिस्त्रीने, हातात एकही नकाशा नसताना, त्या पाठावर लिहिलेले भाष्य मात्र त्या पट्टीखेरीज अन्यत्र कुठेही लिहिलेले नाही.