वादकाला नाममुद्रा नसते

लग्नसराईत गारखेड्यात संध्याकाळी वाचायला बसणे अवघड. सूतगिरणी चौकाच्या बाजूने वरात येते आणि हातातले पुस्तक मिटावे लागते. डीजेच्या भिंतींनी बँडला मागे रेटले असले, तरी एखादी वरात अजूनही ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाल्यांना घेऊन येते, आणि मग ‘अलबेला’तली (१९५१) एखादी चाल हमखास ऐकू येते. लाल डगल्यातले ते वादक कोण, हे आम्ही कधी विचारलेले नाही. प्रस्तुत टिपण त्या न विचारण्याबद्दल आहे.

पितळी वाद्ये आपल्याकडे आली ती लष्कराबरोबर. इंग्रजी पलटणींच्या आणि संस्थानिकांच्या बँडमधून ती बाजारात उतरली, आणि सनई-चौघड्याशेजारी लग्नाच्या दारात उभी राहिली. बाल्कन प्रदेशातही असेच घडले. सर्बियात प्रिन्स मिलोश ओब्रेनोविच याच्या काळात, १८३१ साली, युरोपीय धर्तीचा पहिला लष्करी बँड उभा राहिला. पुढे त्या वाद्यांवर रोमा वादकांनी आपला हात बसवला आणि लग्न, बारसे, मर्तिक असे सारे प्रसंग ती वाजू लागली. गुचा या गावी १९६१पासून ट्रम्पेटवादकांची जत्राच भरते.

या वाद्यांना जगभर पोचवले ते सारायेव्होच्या गोरान ब्रेगोविच यांनी (जन्म १९५०). ‘बियेलो दुग्मे’ हा त्यांचा रॉक संच १९७४ सालचा. लोकधून आणि विजेची गिटार यांच्या त्या मिश्रणाला समीक्षकांनी ‘धनगरी रॉक’ अशा अर्थाचे नाव दिले होते. नंतर एमीर कुस्तुरीत्सा यांच्या ‘टाइम ऑफ द जिप्सीज’ (१९८८) आणि ‘अंडरग्राउंड’ (१९९५) या चित्रपटांत वरातीचा बँड थेट पार्श्वसंगीतात आला. त्याबरोबर एक प्रश्नही आला : रोमांची परंपरागत धून चित्रपटात गेल्यावर ती कोणाची? ब्रेगोविच यांच्या नावाभोवतीचा हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न त्याआधी तीन-चार दशके उभा राहिला होता. फक्त तो कोणी मोठ्याने विचारला नाही. रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र (१९१८–१९८२), हे पुणतांब्याचे. विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गायनाचे शिक्षण, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीची साथ, भगवान दादांच्या तमिळ चित्रपटांना संगीत, असा प्रवास करीत ते ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’पर्यंत पोचले. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बोंगो यांना त्यांनी हिंदी गाण्यात घरचे करून टाकले. पुढे ‘आशा’त (१९५७) रॉक अँड रोलची लयही आली. पण त्या पाश्चात्य पेहरावाखालची चाल आमच्या कानाला पुष्कळदा मराठी मातीतलीच वाटते, ठेका धरायला लावणारी आणि साधी. म्हणूनच ती वरातीत इतकी सहज मिसळली. ब्रेगोविच यांनी वरातीतून चित्रपटात नेले. चितळकरांचे संगीत चित्रपटातून वरातीत आले.

मात्र हे पितळ वाजवत कोण होते? बहुतांशी गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमलात चर्चशी संलग्न शाळांतून त्यांनी पाश्चात्य स्वरलेखन शिकले होते. मुंबईच्या हॉटेलांत ते जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत बसत. संगीतकार चाल पेटीवर सांगे. ती वाद्यवृंदासाठी कागदावर मांडणारे बहुधा हेच असत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ‘चिक चॉकलेट’, चितळकरांकडे ट्रम्पेट वाजवीत. ‘अलबेला’त ते पडद्यावरही दिसतात. पण श्रेयनामावलीत अशा वादकांना सहसा जागा नसे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर विलक्षण आहे. १९५८ साली त्यांनी भारतीय आणि पाश्चात्य संगीत एकत्र आणणारा सिंफनी वाद्यवृंद उभारला. आज त्यांचे नाव सर्वांच्या ओठी आहे, ते मात्र शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे ‘अमर अकबर अँथनी’तल्या (१९७७) एका विनोदी गाण्यात आले म्हणून. त्या नावाचा खरा माणूस होता, हे ऐकून आजही अनेकांना नवल वाटते.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे एक गोष्ट जाणवावी. आपल्या परंपरेत अभंगाच्या शेवटी संताचे नाव येते, लावणीच्या शेवटी शाहिराचे. रचना लोकांच्या तोंडी गेली, पाठभेद झाले, तरी ती नाममुद्रा बरोबर जाते. वादकाला अशी सोय नाही. त्याचा सूर हवेत विरतो आणि मागे राहते ते संगीतकाराचे नाव. चितळकरांनी ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र तरी लिहिले. त्यांच्यामागे बसलेल्या बहुतेकांची सरगम अलिखितच राहिली.

यात चितळकरांचे वा ब्रेगोविच यांचे मोठेपण कमी करण्याचा हेतू नाही. विखुरलेले सूर एकत्र बांधायला प्रतिभाच लागते. पण संगीताचा इतिहास केवळ बांधणाऱ्यांच्या नावांनी लिहिला, तर तो अर्धाच राहील. आपल्या विद्यापीठांत ओव्या आणि लोकगीते गोळा करणाऱ्या पिढ्या झाल्या. बँडवाल्यांच्या आठवणी गोळा करणारे त्या मानाने थोडेच.

पुढची वरात आली की आम्ही खाली उतरून निदान त्या ट्रम्पेटवाल्याचे नाव विचारणार आहोत. उशीर झाला आहे, पण वरात अजून संपलेली नाही.